बोल्टाचे माप आपल्या हातात हवे



कापसाचा भाव, कर्ज, विजेचे बिल यांवर या पत्रकात लिहिले जाते आणि जात राहील. आजचा विषय लहान आहे, बोटाच्या पेरात मावेल एवढा. मोटारसायकलच्या बोल्टाचा. कुणी म्हणेल, आंदोलनाच्या कागदावर नट-बोल्ट कशाला? त्यासाठी मिस्त्री आहे की! असे म्हणणाऱ्याने एकच करावे. जिल्हा बैठकीच्या मंडपाबाहेर जावे आणि उभ्या गाड्यांकडे पाहावे. सेनगाव, औंढा, कळमनुरीच्या आडगावांतून आलेला शेतकरी कशावर बसून आला?

मोटारसायकल आपल्याकडे चैन राहिलेली नाही. ती औत झाली आहे. तिच्यावर बियाण्याची पिशवी येते, खताचे पोते येते, फवारणीचा पंप आणि पाण्याचा कॅन शेतात जातो. वेचलेल्या कापसाचे गाठोडे घरी येते, ज्वारीचे पोते गिरणीला जाते, बाळंतीण दवाखान्यात जाते. शहरातला माणूस डांबरी रस्त्यावर एकटा बसून जी गाडी चालवतो, तीच गाडी आपण काळ्या रानातल्या पांदीतून दोन माणसे आणि एक पोते घेऊन चालवतो. तिचे बोल्ट ढिले होणारच, आणि होतात.

कोरडवाहू शेतीत दिवसाला मोल आहे. मृगाचा पाऊस पडला, वाफसा आला, की पेरणीला चार दिवस मिळतात. बोंडअळीची फवारणी आज करायची ती परवा करून चालत नाही. अशा दिवशी गाडी उभी राहिली तर नुकसान गाडीचे होत नाही, पिकाचे होते. आणि पुष्कळदा ती उभी राहते ती इंजिनाच्या मोठ्या बिघाडाने नव्हे, तर मागच्या दुरुस्तीत बसवलेल्या चुकीच्या बोल्टामुळे. कुठे ऑइलचा बोल्ट गळतो, कुठे सायलेन्सरचा स्टड तुटतो, कुठे साइड कव्हरचे आटे गेलेले असतात.

म्हणून या लेखाचे म्हणणे थोडक्यात असे. बोल्ट नजरेने घ्यायचा नाही, मापाने घ्यायचा. आणि ते माप कळण्याचा आपला हक्क आहे, तो मागून घ्यायचा.

सूत आणि मिलिमीटर

वखराला, तिफणीला, ट्रॉलीला लागणारा बोल्ट आपण हार्डवेअरच्या दुकानात सुतात मागतो. तीन सूत, चार सूत, पाच सूत. आठ सुतांचा एक इंच. चार सूत म्हणजे अर्धा इंच. या इंची बोल्टांचे आटे विलायतेतून आले. १८४१ साली जोसेफ व्हिटवर्थ या इंग्रज कारखानदाराने कोणत्या जाडीच्या बोल्टाला इंचात किती आटे असावेत याचे कोष्टक मांडले. त्याआधी प्रत्येक कारखान्याचा आटा वेगळा असे. एकाचा नट दुसऱ्याच्या बोल्टाला लागत नसे, आणि ज्याच्याकडून यंत्र घेतले त्याच्याच दारात बोल्टासाठी उभे राहावे लागे. व्हिटवर्थच्या कोष्टकाने गिऱ्हाइकाची ही बेडी तोडली. माप सगळ्यांचे झाले.

पुढे आपल्या देशात १९५६ साली वजनमापांचा कायदा झाला. मण-शेर जाऊन क्विंटल-किलो आले, गज जाऊन मीटर आला. १ एप्रिल १९५७ पासून नवे पैसे आले. लोहाराच्या भात्यापासून आणि हार्डवेअरच्या फळीवरून मात्र सूत गेले नाही. औताला ते चालते, म्हणून राहिले. त्यात वावगे काही नाही.

मोटारसायकलींची गोष्ट वेगळी झाली. बुलेट विलायती वंशाची, १९५५ साली मद्रासला तिची कंपनी निघाली. तिच्या जुन्या गाड्यांत इंचाचे आटे आहेत, पुढच्या गाड्यांत मिलिमीटरचे मिसळत गेले. राजदूत पोलंडच्या गाडीवरून बेतलेली होती. १९८४-८५ पासून जपानी कंपन्यांशी करार होऊन हलक्या गाड्या आल्या, हिरो होंडा, सुझुकी, यामाहा, कावासाकी यांच्या जोडीने. त्या मिलिमीटरच्या. आज आपल्या गावात ज्या शंभर-सव्वाशे सीसीच्या गाड्या आहेत, त्या याच घराण्यातल्या किंवा त्याच मापाच्या.

म्हणजे आपल्या दारात दोन मापे एकत्र नांदतात. औत सुताचे, गाडी मिलिमीटरची. आणि घरात जुन्या बोल्टांचा डबा एकच!

आता नेमके काय घडते ते पाहा. गाडीवर सर्रास लागणारा बोल्ट आठ मिलिमीटर जाडीचा असतो. अडीच सुताचा बोल्ट, म्हणजे इंचाचा सोळावा भाग गुणिले पाच, भरतो ७.९४ मिलिमीटर. फरक सहा शतांश मिलिमीटरचा, डोक्याच्या केसाच्या जाडीएवढा. हा फरक कोणाच्या डोळ्याला दिसणार? भोकात तो बरोबर जातो. पण आटे पाहा. अडीच सुताच्या बोल्टाला इंचात अठरा आटे, म्हणजे एका आट्यापासून दुसऱ्यापर्यंत १.४१ मिलिमीटर. गाडीच्या आठच्या बोल्टाला हे अंतर १.२५ मिलिमीटर. पहिले दोन आटे बोटाने लागतात आणि आपण म्हणतो, बसला. सहाव्या आट्यापर्यंत चूक एक मिलिमीटरची झालेली असते. बोल्ट अडतो. आपण पाना लावतो, पान्याला पाइप लावतो, जोर करतो आणि तो आत जातो.

तो आत गेला कसा? लोखंडी नट असता तर तिथेच अडला असता. पण गाडीचे इंजिन ॲल्युमिनियमचे. बोल्ट पोलादाचा, भिंत मऊ. पोलादाने ॲल्युमिनियम कापले आणि आपली वाट केली. त्या दिवशी घट्ट वाटतो. पुढे पांदीतल्या हादऱ्यांनी ढिला होतो, आणि बाहेर येतो तेव्हा भोकातले आटे सोबत घेऊन येतो. बोल्ट पाच-दहा रुपयांचा. भोक ज्यात आहे ते केसिंग हजारांत.

दोन सुताचे आणि सहा मिलिमीटरचे असेच. दोन सूत म्हणजे ६.३५ मिलिमीटर. सहाच्या भोकात ते ठोकून बसवले तर पुढे काही बोलायला उरत नाही.

बाराचा बोल्ट म्हणजे कोणता बोल्ट?

दुसरा घोटाळा बोलीभाषेचा आहे. गॅरेजमध्ये बोल्टाला पान्याच्या नंबराने ओळखतात. दहाचा, बाराचा, चौदाचा. मिस्त्री पोराला म्हणतो, “बाराचा बोल्ट आण,” आणि पोरगं बरोबर आणतं, कारण गॅरेजात सगळ्यांची भाषा एक आहे. पण बारा हे त्या बोल्टाच्या डोक्याचे माप आहे. बोल्ट स्वतः आठ मिलिमीटरचा. दहाचा पाना ज्याला लागतो तो बहुधा सहा मिलिमीटरचा, चौदाचा पाना ज्याला लागतो तो दहा मिलिमीटरचा.

शेतकरी हार्डवेअरच्या दुकानात जाऊन “बाराचा बोल्ट द्या” म्हणाला, तर दुकानदार बारा मिलिमीटर जाडीचा बोल्ट समोर ठेवतो. मग हावभाव सुरू होतात. “एवढा नाही, याच्याहून बारीक.” दुकानदार डबा पालथा करतो, शेतकरी नजरेने उचलतो, आणि वर सांगितलेली गोष्ट घडते.

जपानी घराण्याच्या गाड्यांत आठच्या बोल्टाला डोके बाराचे असते, बाजारातल्या साध्या आठच्या बोल्टाला तेराचे. गाडीच्या दहाच्या बोल्टाला डोके चौदाचे, बाजारातल्या दहाच्या बोल्टाला सोळा किंवा सतराचे. डोके मोठे म्हणून बोल्ट चुकीचा असे नव्हे. पाना वेगळा लागेल आणि खोल जागेत पाना फिरणार नाही, एवढाच त्याचा दोष. आठच्या बोल्टाचे आटे दोन्हींकडे १.२५ चेच. पण दहाच्या बोल्टात खरी गोम आहे. गाडीवरच्या दहाच्या बोल्टाचे आटे बहुधा बारीक, १.२५ चे. बाजारात “दहाचा बोल्ट” म्हणून मिळतो त्याचे आटे १.५ चे. जाडी तीच, माप मिलिमीटरचेच, तरी तो बसत नाही. म्हणून “मिलिमीटरचा द्या” एवढे म्हणून भागत नाही.

चार गोष्टी विचारल्याशिवाय बोल्ट घ्यायचा नाही

जाडी, आट्यांचे अंतर, लांबी आणि जात. या चार गोष्टी. कापूस विकताना आपण वजन, ओलावा, प्रत आणि भाव पाहतो. इथेही चारच आहेत.

जाडी. आटे असलेला भाग बाहेरून मोजायचा, डोके नव्हे. पोराच्या कंपासपेटीतली पट्टी चालेल. मोजणीत आठ मिलिमीटरला थोडे कमी भरते, ते आठच धरावे. गाडीच्या बोल्टात सहा, आठ, दहा, बारा हीच मापे जास्त येतात.

आट्यांचे अंतर. बोल्ट पट्टीला लावा. एका आट्याच्या टोकापासून सुरू करून दहा घरे मोजा. दहा घरांना १० मिलिमीटर भरले तर अंतर १, साडेबारा भरले तर १.२५, पंधरा भरले तर १.५. आटे तेवढे नसतील तर पाच घरे मोजून दुप्पट करा. पट्टीही नसेल तर याहून सोपी रीत आहे. जुना बोल्ट आणि नवा बोल्ट शेजारी आडवे धरून आट्यात आटा बसवा आणि उजेडाकडे करा. आटे एकमेकांत पूर्ण बसले, मधून उजेड दिसला नाही, तर अंतर सारखे. उजेड दिसला तर बोल्ट परत. दुकानदार कितीही म्हणो, “बसतो हो, सगळे हाच नेतात!”

लांबी. डोक्याखालून टोकापर्यंत मोजायची. आखूड बोल्ट दोन-तीन आट्यांवर लटकतो आणि तेवढेच आटे ओढून काढतो. ॲल्युमिनियममध्ये बोल्ट निदान आपल्या जाडीच्या दीडपट आत गेला पाहिजे, आठचा असेल तर बारा मिलिमीटर. लांब बोल्टाचे नुकसान वेगळे. भोक बंद तळाचे असेल तर बोल्ट तळाला टेकतो, कव्हर आवळले जात नाही, आणि आपण आणखी पिळले तर केसिंगला तडा जातो. क्लच कव्हरचे बोल्ट सगळे सारख्या लांबीचे नसतात. ते खोलताना एका ताटलीत टाकू नयेत. बियाण्याच्या खोक्याचा पुठ्ठा घ्या, त्यावर कव्हराचा आकार काढा, भोके पाडा आणि ज्या जागचा बोल्ट त्या जागी खोचून ठेवा. बसवताना पुठ्ठाच सांगतो कोण कुठला.

जात. बोल्टाच्या डोक्यावर आकडे असतात, ४.६, ८.८, १०.९. त्यांना अर्थ आहे. पहिला आकडा दहाने गुणला की तो बोल्ट तुटण्याआधी एका चौरस मिलिमीटरला साधारण किती किलो ओढ सोसतो ते निघते. ४.६ चा चाळीस किलो, ८.८ चा ऐंशी किलो. आठच्या बोल्टाचा भार घेणारा भाग साडेछत्तीस चौरस मिलिमीटर. हिशेब केला तर ८.८ चा बोल्ट तीन टनाच्या आसपास तुटतो आणि ४.६ चा दीड टनाला. दिसायला दोघे सख्खे भाऊ. दुकानात साध्याला एमएस म्हणतात आणि कणखर बोल्टाला एचटी. ज्याच्या डोक्यावर आकडाच नाही तो कोणत्या जातीचा हे कोणालाच सांगता येत नाही. त्याला गाडीवर नंबर प्लेट धरायला ठेवावे, त्यापुढे नाही.

बसवताना शेवटची एक रीत. नवा बोल्ट आधी बोटाने लावायचा. प्रथम उलटा फिरवायचा, आटा टकदिशी खाली बसल्याचे बोटाला कळते, मग सुलटा. निदान तीन-चार फेरे बोटाने गेले पाहिजेत. बोटाने जात नसेल तर पान्याने घालू नये. आणि आवळताना पाइप लावू नये. सहाच्या बोल्टाला दहा सेंटिमीटरच्या पान्यावर दहा किलोची ओढ पुरते. पोते उचलणारा हात त्याच्या तिप्पट ओढ सहज देतो, आणि तिथेच आटे जातात.

जीव कुठल्या बोल्टावर आहे

सगळे बोल्ट सारख्या मोलाचे नाहीत. कव्हराचा स्क्रू पडला तर ऑइल गळेल, इंजिन जाम होईल, पैसे जातील. काही बोल्ट पडले तर माणूस जातो.

ड्रमब्रेकच्या गाडीत मागच्या चाकाजवळ एक पट्टी असते. ती ब्रेकच्या प्लेटला धरून ठेवते, प्लेट चाकाबरोबर फिरू देत नाही. तिला एक बोल्ट, एक नट आणि नटाच्या पलीकडे एक पिन असते. पंक्चर काढताना, चेन ताणताना हा बोल्ट काढतात. पिन मोडते, तिच्या जागी तार बांधली जाते, पुढच्या वेळी तारही नसते. नट हादऱ्याने उतरला, बोल्ट पडला आणि नेमका ब्रेक दाबला, तर प्लेट फिरते आणि चाक जागच्या जागी अडकू शकते. मागे बायको बसलेली असते, तिच्या मांडीवर पोर असते. पिन दोन रुपयांची.

म्हणून एवढी शपथ प्रत्येकाने घ्यावी. ब्रेकची पट्टी, चाकांचे एक्सल, हँडलचे बोल्ट, स्प्रॉकेटचे बोल्ट आणि डिस्क ब्रेकचे बोल्ट या पाच जागी कंपनीचाच भाग घालायचा. तिथे जुन्या डब्यातला बोल्ट नाही, वेल्डिंग नाही, खिळा नाही, तार नाही. बाकीच्या जागी बाजारातला आकडा असलेला, मापाचा ८.८ चा बोल्ट खुशाल घालावा, तो काम चोख करतो.

आटे गेलेच असतील तर एम-सील लिंपून किंवा जाडा बोल्ट ठोकून बसवू नये. लेथवाल्याकडे जावे. तो भोक वाढवून आत नव्या आट्यांची पोलादी गुंडाळी किंवा बुश बसवून देतो, आणि मूळ मापाचाच बोल्ट पुन्हा लागतो. अर्धा दिवस जातो, पण केसिंग वाचते.

जुगाडाचे कौतुक पुरे

इथवर वाचून कोणी म्हणेल, आपला शेतकरी हुशार आहे, तो तारेने आणि टायरच्या तुकड्याने गाडी चालवून दाखवतो. हे कौतुक शहरात फार चालते. व्यवस्थापनाच्या वर्गात “जुगाड” नावाने शिकवतात म्हणे. माझे मत उलटे आहे. जुगाड ही आपली हुशारी खरी, पण ती नाइलाजाची हुशारी आहे. योग्य बोल्ट चाळीस किलोमीटरवर, खिशात शंभराची नोट, वाफसा आज, म्हणून तार बांधली. ज्यांनी कौतुक केले त्यांच्या गाडीला कोणी तार बांधून दिली तर ते घेतील काय? गरिबीला गुण म्हणून मिरवायला लावणे ही शेतकऱ्याला गरीब ठेवण्याचीच एक रीत आहे. भारताने तारेवर चालावे आणि इंडियाने टाळ्या वाजवाव्यात, हे आता पुरे.

दुसरा सल्ला कंपनीवाल्यांचा असतो. “सगळे काही ओरिजिनलच घ्या.” यात अर्धे खरे आहे. पाच जागांचे वर सांगितलेच. पण साध्या आठच्या बोल्टाचे माप जगजाहीर आहे, ते कोणा कंपनीच्या मालकीचे नाही. तरी गाडीबरोबर मिळणाऱ्या पुस्तकात हेल्मेट घाला, ऑइल बदला एवढे लिहिलेले असते. कुठल्या जागी कोणत्या मापाचा बोल्ट, हे नसते. ते सुट्या भागांच्या यादीत आणि सर्व्हिसच्या पुस्तकात असते. ती इंग्रजीत, आणि ती आपल्या हाती येत नाहीत. गाडी माझी, पैसे माझे, हप्ता माझा, पण तिच्या बोल्टाचे माप मला ठाऊक नाही!

कापूसवाल्यांना हा खेळ ओळखीचा वाटेल. १९७२ साली महाराष्ट्रात कापसाची एकाधिकार खरेदी योजना सुरू झाली, तेव्हा आपल्या मालाला घेणारा एकच होता. एकच घेणारा असला की काय होते, ते तुम्हाला सांगण्याची गरज नाही. ती योजना इतिहासजमा झाली. आता उलट बाजूने पाहा. सुट्या भागाला विकणारा एकच असेल तर वेगळे काय होईल? घेणारा एकटा असो की विकणारा एकटा असो, मधल्यामध्ये पिळला जाणारा तोच.

हे रडगाणे नव्हे, निकाल झालेला आहे. २५ ऑगस्ट २०१४ रोजी भारतीय स्पर्धा आयोगाने १४ मोटार कंपन्यांना मिळून अडीच हजार कोटींहून जास्त दंड ठोठावला. कारण काय, तर सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती त्या बाहेरच्या गॅरेजांना मिळू देत नव्हत्या. कंपन्या अपिलात गेल्या, तो भाग वेगळा. आणि ते प्रकरण चारचाकींचे होते. पण तत्त्व मान्य झाले, की गाडी विकली म्हणून दुरुस्तीची मक्तेदारी मिळत नाही. जुलै २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने दुरुस्तीच्या हक्कावर समिती नेमली. तिने हाती घेतलेल्या क्षेत्रांत शेतीची अवजारे आणि वाहने दोन्ही आहेत. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये त्यासाठी पोर्टल सुरू झाले. अमेरिकेत कोलोरॅडो राज्याने २०२३ साली कायदा केला. शेतीची यंत्रे विकणाऱ्या कंपन्यांनी शेतकऱ्याला सुटे भाग, हत्यारे आणि दुरुस्तीची पुस्तके दिलीच पाहिजेत. १ जानेवारी २०२४ पासून तो लागू झाला. तिथल्या शेतकऱ्याचे ट्रॅक्टर आपल्या वाड्याएवढे, पण दुखणे एकच, “माझे यंत्र मला उघडता येत नाही.”

माप सगळ्यांचे एक नसले की काय होते, याचा धडा याच अमेरिकेने फार पूर्वी घेतला. फेब्रुवारी १९०४ मध्ये बाल्टिमोर शहराला मोठी आग लागली. शेजारच्या शहरांतून बंब धावून आले. पण त्यांच्या नळ्यांचे आटे बाल्टिमोरच्या नळांना लागेनात. पाणी होते, बंब होते, माणसे होती, आटा जुळत नव्हता. शहराचा मध्यभाग जळून गेला. आपल्याकडे वाफसा असतो, बियाणे असते, माणूस असतो आणि गाडी बोल्टासाठी उभी असते. आग लहान आहे, एवढाच फरक.

मग करायचे काय?

नुसत्या मागण्या करून थांबणे ही आपली रीत नाही. १९८० च्या कांदा-ऊस आंदोलनापासून आपण आधी हिशेब शिकलो, मग भाव मागितला. उत्पादनखर्चाचा हिशेब शेतकऱ्याने स्वतः मांडला तेव्हाच सरकारला उत्तर द्यावे लागले. इथेही तेच. आधी माप शिकू, मग मागू.

आपण करायचे ते असे. प्रत्येक गावात एका फळीवर नमुन्याचे बोल्ट लावावेत. सहा, आठ, दहा, बारा, शेजारी अडीच सूत आणि तीन सूत, प्रत्येकाखाली जाडी, अंतर आणि लागणारा पाना ठळक मराठीत. फळी शाळेत, ग्रामपंचायतीत किंवा गावच्या गॅरेजात टांगावी. मिस्त्री आपला शत्रू नाही, तो बहुधा कोरडवाहू शेतकऱ्याचाच पोरगा आहे. त्याला सोबत घ्यावे. आटे मोजायची एक गेज, पात्यांची जुडी असते तशी, हार्डवेअरमध्ये थोड्या पैशांत मिळते. गावात एक पुरे. घरातला बोल्टांचा डबा एक असेल तर त्याचे दोन करावेत, सुताचा वेगळा, मिलिमीटरचा वेगळा. आणि हे काम बायांना शिकवावे. पेरणीच्या दिवशी डब्यातून बरोबर बोल्ट काढून देणारी माय ही गॅरेजची एक फेरी वाचवते.

मागायचे ते असे. एक, प्रत्येक मोटारसायकलबरोबर मराठीत एक कागद मिळावा, त्यावर कोणत्या जागी कोणता बोल्ट, त्याची जाडी, अंतर, लांबी आणि जात. दोन, सुट्या भागांची यादी आणि किमती तालुक्याच्या शोरूममध्ये उघड लावाव्यात. तीन, हार्डवेअर दुकानदाराने बिलावर माप आणि आकडा लिहावा, नुसते “बोल्ट, नग चार” नको. बिल मागण्याची सवय मात्र आपण लावून घ्यायची. चार, तालुक्याच्या आयटीआयमध्ये पेरणीआधी, मे महिन्यात, शेतकऱ्यांसाठी एक दिवसाचा वर्ग घ्यावा. यंत्रे आहेत, शिकवणारे आहेत. दारे तेवढी उघडायची.

या चारांत अनुदान नाही, कर्जमाफी नाही, सरकारी तिजोरीवर बोजा नाही. फक्त माहिती मागितली आहे, आपल्या पैशाने घेतलेल्या वस्तूची.

१ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा होऊन हिंगोली जिल्हा झाला, तेव्हा सांगितले गेले की आता कचेरी जवळ आली, कामे सोपी होतील. कचेरी जवळ आली हे खरे. पण कचेरी जवळ आल्याने शेतकऱ्याच्या हातात माप येत नाही. ते ज्याचे त्यानेच हातात घ्यावे लागते. ज्याच्या हाती माप, त्याच्या हाती भाव, मग तो काट्यावरचा कापूस असो की मुठीतला बोल्ट.

पुढच्या बैठकीला येताना प्रत्येकाने आपल्या गाडीतून निघालेला एक तुटका किंवा आटे गेलेला बोल्ट खिशात घालून आणावा. मंडपात टेबलावर पट्टी आणि गेज ठेवलेली असेल. भाषणे सुरू होण्याआधी अर्धा तास मोजू.